देवाच्या घोंगडीवर भरलेली सभा

बोरीच्या कासाबाईला हसू आवरत नसे. भजनात हसू, पंगतीत हसू. सासऱ्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवायचं सोडून मामेसासऱ्याच्या पागोट्यावर जाऊन बसला, तेव्हा सगळी भावकी हात जोडून उभी असताना ही बाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बाभळीमागं पळाली होती. नवरा येडबा अगदी उलटा. दिवसाकाठी तो जे चार शब्द बोले त्यातले तीन मेंढरांशी असत, आणि चौथा "गप" हा असे, तो कासाबाईसाठी.

पण हसणाऱ्या माणसाला दुखत नाही असं समजणारे लोक खुळे असतात, आणि अशा लोकांची बोरीत काही टंचाई नव्हती. येडबाचं घर धनगराचं. दिवाळी झाली की तट्टावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं वऱ्हाडाच्या वाटेला लावायची, आणि मिरगाच्या तोंडावर परत फिरायचं. गावात जे काही महत्त्वाचं व्हायचं ते नेमकं ही मंडळी गावात नसताना. शिरगणतीवाले आले तेव्हा कासाबाई वऱ्हाडात. पहिलं मतदान झालं तेव्हाही वऱ्हाडात. मारुतीच्या कळसाचं गावजेवण झालं तेव्हा मात्र ती घरी होती. "आधी गावकरी, मग बाहेरचे," असा पुकारा झाला, ती हौसेनं पहिल्या पंगतीत बसली, आणि वाढप्यानं तिच्यापुढं धरलेली पत्रावळ तशीच मागं घेतली. "तुमी मागून बसा, कासाबाई. तुमचं काय, आज हितं, उद्या तिथं."

त्यावरही ती हसली. घरी येऊन चुलीपुढं बसून रडली, आणि येडबानं पाहिलं तेव्हा धुराचं नाव सांगितलं. लग्न होऊन तिला वीस-बावीस वर्षं झाली होती. कुणीतरी एकदा आपल्याला बोरीची म्हणावं, एवढीच तिची भूक होती.

सन बावन्नच्या पावसाळ्यात ती भागायची एक संधी दाराशी आली. निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं होत आली होती. परभणीच्या काही बायकांनी 'स्वातंत्र्य स्मृती भगिनी समाज' नावाची संस्था काढली. हैदराबादच्या लढ्यात ज्या घरांनी काही केलं, त्या घरच्या बायकांनी एकत्र यावं, आठवणी जपाव्यात, लेकराबाळांना सांगाव्यात, असा चांगला बेत होता. गावोगाव शाखा निघायच्या होत्या. जिंतूरला निघाली असं कानावर आलं आणि बोरीच्या मनकर्णाबाईंचा घास गोड लागेना. मनकर्णाबाई म्हणजे व्यंकटराव पाटलांच्या मंडळी. घरी बैलांच्या जोड्या पुष्कळ, पण सगळ्या जोड्यांचं बळ बाईंच्या एकट्या जिभेत होतं. त्यांनी ठरवलं म्हणजे बोरीला शाखा निघणार, यात शंका नव्हती.

नियम असा, की सभासद होणारीच्या घरातल्या कुणीतरी लढ्यात काम केलेलं असावं. आता बोरीत खरोखर काम केलेली माणसं नव्हती असं नाही. पण ती मोजकी, आणि सभासद व्हायला निघाल्या गावभरच्या बायका. मग काय, पाऊस पडून गेल्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे घरोघरी पराक्रम उगवायला लागले. व्यंकटराव दोन महिने भूमिगत होते, असं मनकर्णाबाईंनी जाहीर केलं. कासाबाईची शेजारीण दगडाबाई, तिनं सांगितलं की तिच्या किशनरावनं शिंदीची झाडं तोडली. सरकारचं शिंदीचं उत्पन्न बुडावं म्हणून लढ्यात लोक झाडं तोडत, हे खरंच होतं. पण किशनराव आणि शिंदी यांचं नातं सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि ते तोडण्याचं नव्हतं. अंबाबाई नावाच्या एकीच्या दिरानं तर करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका जाळला होता. तो नाका अजून जिंतूरच्या वाटेवर धडधाकट उभा होता, पण त्याला अंबाबाई तरी काय करणार!

कासाबाई मनकर्णाबाईंच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"पाटलीणबाई, माझं बी नाव घ्या की."

मनकर्णाबाई डाळ निवडत होत्या. "येडबानं काय केलं गं?"

कासाबाईनं तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्यापाशी सांगण्यासारखं होतं, चांगलं घसघशीत होतं. पण ते कुणापाशी बोलणार नाही असा शब्द तिनं दिला होता, तोही एकीलाच नाही.

"बरं, ते ऱ्हाऊ दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू गावात असतीस कवा? शाखा बोरीची हाय, कासे. बाई बोरीचीच पायजे. तुझं घर म्हंजी तट्टाच्या पाठीवर."

बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी कासाबाईला गुळाचा चहा दिला, वर लेकरांसाठी मूठभर शेंगाही दिल्या. चहा गोड होता. तो संपवून, शेंगा पदरात बांधून कासाबाई घरी आली.

राज्य बदललं त्या दिवसाचा मुहूर्त साधून भादव्यात उद्‌घाटनाची सभा ठरली. परभणीहून संस्थेच्या अध्यक्षा बायनाबाई येणार, सगळ्यांच्या हकिगती ऐकणार आणि पटलं तर शाखेला मान्यता देणार. मारुतीच्या देवळापुढचा मांडव शाकारला, पताका लावल्या, आणि ऐन सकाळी कळलं की शाळेची सतरंजी रात्रीच्या पावसानं भिजून चिंब झाली आहे. पिळली असती तर आडाला पाणी आलं असतं. मोटार फाट्यावर यायची वेळ झालेली. मनकर्णाबाईंची नजर गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या कासाबाईवर पडली.

"कासे! तुझ्या घरी घोंगड्या हायेत न्हवं? जा, आण जा. मोठी बघून आण."

दुसरी एखादी म्हणाली असती, नाव घ्यायला मी नको आणि घोंगडी तेवढी माझी चालते होय! कासाबाई पळाली. तिला वाटलं, आपण नाही तर नाही, आपली घोंगडी तरी शाखेत बसेल. दाराशी वलणीवर एक थोरली घोंगडी वाळत टाकलेली होती, दोन पट्ट्या जोडलेली. येडबा मेंढरांमागं गेलेला. तिनं घोंगडी ओढली, खांद्यावर टाकली आणि तशीच परत पळाली. मांडवात अंथरली, बायका बसल्या, मधोमध बायनाबाई बसल्या. पांढरं खादीचं पातळ, डोळ्यांवर चष्मा, बोलणं पुस्तकासारखं. कासाबाई कडेला ओल्या भुईवर टेकली.

"अगं, तू तिथं चिखलात कशाला?" बायनाबाई म्हणाल्या. "ये की इकडं. जागा आहे."

मनकर्णाबाईंना पाहुणीपुढं काही बोलता येईना. कासाबाई घोंगडीच्या टोकाशी येऊन बसली. तिनं हात टेकला, तो पिवळा झाला.

तिनं हाताकडं पाहिलं. मग घोंगडीच्या काठाकडं पाहिलं. मग बायनाबाईंच्या पांढऱ्या पातळाकडं पाहिलं, त्यावर मागून भंडाऱ्याचा चांगला हातभर पट्टा उमटला होता. आणि तिच्या पोटातून हसू आणि भीती एकदमच वर आली. ही घरची घोंगडी नव्हतीच. ही देवाची. बिरोबापुढं घडी घालून ठेवायची, पंच बसवायची, भांडण तोडायची घोंगडी. पावसानं ओल धरली म्हणून येडबानं ती उन्हाला टाकली होती, आणि तो चौथा शब्द घरी वापरून संपवायच्या नादात बायकोला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

"अगं माय माय माय," कासाबाई म्हणाली.

"काय झालं?" दगडाबाईनं विचारलं.

कासाबाईनं नुसता पिवळा पंजा वर केला. बोरीच्या बायकांना पुढचं सांगायची गरज नव्हती. या घोंगडीवर बसून खोटं बोललेल्याचं तोंड वाकडं होतं, हे गावातलं तान्हं लेकरूही जाणत होतं. चोरलेल्या एडक्यापायी खोटी शपथ घेतलेला सटवाजी अजून डाव्या गालानंच पाणी प्यायचा. बरं, उठून जावं तर तेही नाही. बसलेला न बोलता उठला की तो खोटा, हा त्याच घोंगडीचा कायदा.

बायनाबाईंना दगडाबाईनं कानाशी लागून सगळं सांगितलं. "अहो, असल्या गोष्टी मी मानत नाही," त्या हसून म्हणाल्या, पण त्यांचा हात आपसूक गालावर गेला. "चला, आपण सुरू करू. पाटलीणबाई, तुमच्या घरचं सांगा बरं."

मनकर्णाबाई सावरून बसल्या. भाषण पाठ होतं. "आमचे मालक," त्यांनी सुरुवात केली, "दोन महिने..." आणि थांबल्या. जीभ गालाच्या आतून फिरवून पाहिली. "भूमिगत होते."

"वा! कुठं होते?"

"भूमीखालीच होते," मनकर्णाबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "ज्वारीच्या पेवात."

"दोन महिने पेवात?"

"दोन दिस. मंग शिंका लागल्या, म्हणून मीच वर काढलं."

आणि कासाबाईच्या नाकातून पहिला फुसका आवाज आला. तिनं पदर तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही.

"हसू नको गं, मेले!" दगडाबाई म्हणाली, आणि आपली पाळी आली तसं तिनं डोळे मिटून, पोहायला न येणाऱ्यानं विहिरीत उडी टाकावी तसं बोलून टाकलं. "आमच्या मालकानं शिंदीचं एक बी झाड तोडलं न्हाई, बाई. मडकी रिकामी केली. लय केली."

मग मात्र धरणच फुटलं. अंबाबाईनं कबूल केलं की दिरानं नाका जाळला नाही, नाक्यावरच्या शिपायाकडून काडी घेऊन बिडी तेवढी पेटवली. एकीच्या सासऱ्यानं झेंडा लपवला होता, पण भीतीच्या पायी इतका चांगला लपवला की तो त्याचा त्यालाही अजून सापडत नव्हता. एकेक बाई खरं बोले, बोलून झालं की हलकी होई आणि पुढचीला ढोसायला लागे. बायका एकमेकींच्या मांडीवर आडव्या पडून हसत होत्या. मांडवाबाहेर उभे असलेले पुरुष एकेक करून कामं आठवल्यासारखे नाहीसे झाले. व्यंकटराव सगळ्यात आधी.

बायनाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "छान! आता मी अध्यक्षीय भाषण करते. भगिनींनो, मी स्वतः तुरुंगात..." आणि त्यांना दिसलं, की सगळ्या बायका त्यांच्या गालांकडे टक लावून पाहताहेत.

"तुरुंगाच्या दारात," त्या म्हणाल्या. "भावाला डबा द्यायला गेले होते. पहारेकऱ्यानं सांजेपर्यंत बाहेर बसवून ठेवलं, आणि डबा त्यानंच खाल्ला. पुढं लोक म्हणायला लागले, बाई तुरुंगात होत्या. मीही नाही म्हटलं नाही."

"आँ!" मनकर्णाबाईंच्या जिवात केवढा जीव आला! त्यांनी पुढं होऊन बायनाबाईंच्या पाठीवर थोपटलं. "असू द्या हो. काय झालं त्याला."

हसू ओसरलं तेव्हा मांडवात जरा कसंनुसं झालं. आता शाखा कशाच्या जोरावर निघणार? बायनाबाईंनाही ते उमगलं असावं. त्या म्हणाल्या, "पुरुषांचं झालं. पण तुम्ही स्वतः? तुम्ही कुणी काहीच केलं नाही?"

मनकर्णाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. हसून हसून त्यांची भीड गेली होती. "सरहद्दीपल्याड वऱ्हाडात आपल्या पोरांचा कॅम्प होता. निजाम जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी दशम्या धाडायची. चोरून. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी पाच-सहा दिस टिकती. मालकाला बी ठावं न्हवतं. एकटीनं केलं मी."

"एकटीनं कसं?" दगडाबाई ताडकन म्हणाली. "दशम्या मी धाडल्या! चटणीसंगट!"

"मी बी," अंबाबाई म्हणाली. "कुणाला सांगितलं न्हाई."

"आन मी."

"मी बी की!"

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एकाच वेळी सगळ्यांना एकच प्रश्न पडला, की दशम्या केल्या आपण, पण नेल्या कुणी? आणि सगळ्यांच्या माना घोंगडीच्या टोकाकडे वळल्या.

कासाबाईनं त्या क्षणी हसणं थांबवलं होतं. त्या सालच्या उन्हाळ्यात मेंढरं सरहद्दीवर बसली होती, आणि दाण्यागोट्यासाठी ती तट्टू घेऊन बोरीला खेपा घालायची. दरवेळी कुणीतरी परसदारानं बोलवून पदराआडून गाठोडं द्यायचं आणि म्हणायचं, कासे, भंडारा उचल, कुणाला सांगणार न्हाईस. ती उचलायची. प्रत्येकीला वाटायचं, गावात हे धाडस आपणच करतोय. सगळ्या गावाचं गुपित एकट्या कासाबाईच्या पोटात, आणि सगळ्या दुनियेला हसून दाखवणाऱ्या त्या पोटातून चार वर्षांत एक अक्षर बाहेर आलं नव्हतं.

"मला बोलू नका," ती म्हणाली. "मी शबूद दिलाय."

"आता आमीच सोडला की तुला!" दगडाबाई ओरडली. "बोल!"

मग ती बोलली, आणि काय बोलली! नव्या जन्मलेल्या कोकरांना तट्टाच्या पाठीवर पोत्यात घालून न्यायचं, तशी तिनं पोत्यात खाली दशम्या आणि वर कळपातून मुद्दाम सोबत आणलेली कोकरं भरली. नाक्यावर रझाकारानं अडवलं. "इसमें क्या है?" म्हणाला. "लेकरं हायेत, साहेब," ती म्हणाली. त्याला पटेना. त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला. कोकरू घाबरलं, आणि घाबरलेलं कोकरू जे करतं ते त्यानं त्या हातावर केलं. रझाकारानं हात बाहेर काढला, हाताकडं पाहिलं, आणि कासाबाईला हसू आलं. बंदुकीपुढं! ती हसत सुटली, ती थांबेना. तो तिला वेडी समजला आणि म्हणाला, जा बाई, जा. पुढच्या खेपांना तर तो लांबूनच हात हलवायचा.

"मंग त्या दशम्या?" मनकर्णाबाईंनी घाबरून विचारलं.

"मधी फडकं असायचं की, पाटलीणबाई!"

बायनाबाई हसता हसता एकदम गंभीर झाल्या. "हिचं नाव सगळ्यात आधी घ्या," त्या म्हणाल्या. "नाव काय, बाई?"

"कासाबाई येडबा."

"गाव?"

कासाबाईनं तोंड उघडलं. तो एकच शब्द. तिला किती वर्षं म्हणायचा होता तो! पण बुडाखाली देवाची घोंगडी होती. तिचा जन्म मेंढरांमागं वाटेवर झालेला, कुठल्या शिवारात ते आईलाही धड सांगता आलं नव्हतं. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने डोक्यावर नुसतं आभाळ. गावच्या पंगतीतून तिची पत्रावळ मागं गेलेली. देवाच्या घोंगडीवर बसून 'बोरी' म्हणावं तर ते खरं होतं का? तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इथं धुराचं नाव सांगायला चूलही नव्हती.

"गाव सांगा ना," बायनाबाई म्हणाल्या.

"न्हाई सांगता येत, बाई," कासाबाई म्हणाली. "खोटं हुईल."

मग मनकर्णाबाईंनी घसा खाकरला.

"मी हिला गावची न्हाई म्हणले होते," त्या म्हणाल्या. "ते माझ्या ओट्यावर बसून म्हणले. हितं बसून म्हणवत न्हाई." त्यांनी दोन्ही तळवे घोंगडीवर टेकले, चांगले पिवळे होईपर्यंत दाबले. "कासाबाई बोरीची हाय."

"बोरीची हाय," दगडाबाईनंही हात टेकला.

"बोरीचीच."

एकेक हात घोंगडीवर टेकत गेला, एकेक आवाज येत गेला. कासाबाई प्रत्येकीच्या तोंडाकडं पाहत होती. एकीचंही तोंड वाकडं झालं नाही.

शाखा निघाली. सभासदांच्या नवऱ्यांचं कर्तृत्व गाळून फक्त बायकांचं काम लिहिणारी ती संस्थेची पहिलीच शाखा असं म्हणतात, आणि व्यंकटरावांनी त्यानंतर बरेच दिवस चावडीवर बसणं सोडलं होतं असंही म्हणतात. येडबाला संध्याकाळी सगळं कळलं. त्यानं घोंगडी झटकली, घडी घातली आणि देवापुढं ठेवली. "ब्येस," म्हणाला. हा पाचवा शब्द कुठून आला, याचं कासाबाईला फार नवल वाटलं.

दिवाळी झाली, मेंढरं वऱ्हाडाला गेली. संक्रांतीला शाखेनं गावात हळदीकुंकू केलं. वाण लुटायला बायका घरोघर निघाल्या आणि कासाबाईच्या दारापुढं थांबल्या. दाराला कडी. बंद घराला कुंकू लावू नये, असं कुणीतरी म्हणालं.

मिरगाला कासाबाई परतली, तेव्हा चौकटीवर फिकट झालेली हळदीकुंकवाची बोटं होती आणि उंबऱ्यावर मातीचं सुगड होतं. आतले तीळ मुंग्यांनी कधीच नेले होते. ती तिथंच उभी राहिली. दगडाबाई धावत आली आणि तिनं त्या दिवसाचं सगळं सांगितलं. बंद घराला लावू नये असं कोण म्हणालं, त्यावर मनकर्णाबाई कशा कडाडल्या.

"काय म्हणल्या?" कासाबाईनं विचारलं.

"म्हणल्या, घर बंद कुठं हाय? बाई बाहेरगावी गेलीया."

"आँ?"

"बाहेरगावी गेलीया, म्हणल्या. येईल."

कासाबाईनं तट्टाचा दोर सोडून दिला. "दगडाक्का," ती म्हणाली, "पुन्हा एकदा सांग."